न लिहिलेल्या तीन खेपा

लॅडी ह्रुझेकने आयुष्यात कुणाला पावती दिली नव्हती आणि कुणाकडून मागितलीही नव्हती. तो नालबंद होता. ब्रेझिना गावाच्या भोवती चाळीस मैलांत दोनशेच्या वर घोडे त्याच्या हातचे नाल घालून फिरत. दर सहा आठवड्यांनी ठरल्या दिवशी त्याचा ट्रक त्या त्या कुंपणापाशी उभा राही. मालक घरी असला तर हवापाण्याच्या दोन गोष्टी होत. नसला तर लॅडी स्वतःच घोडा धरून आणी, चारी खूर उरकी, खुराकाच्या पिंपाच्या झाकणाखाली ठेवलेला चेक खिशात घाली आणि पुढच्या कुंपणाला लागे. झाकणाखाली चेक नसला तर तो पुढच्या खेपेला असे. छत्तीस वर्षांत यात कुणाचं अडलं नव्हतं.

टेक्सासच्या त्या टेकड्यांच्या भागात बहुतेकांचे पणजोबा युरोपातल्या चेक मुलखातून आलेले. चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर आणि गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर तीच दहा-बारा आडनावं. माणसं एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखत. अशा ठिकाणी कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणंच होतं. निदान लॅडीला तरी तसंच वाटे.

त्याचा जुना ट्रक एकोणीस वर्षं चालला. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने नवा घेतला, तोही शेवटचा म्हणून. मागच्या हौद्यात ऐरण, गॅसची भट्टी, नालांच्या पेट्या, कानशी, हातोडे, सगळं जागच्या जागी बसवायला त्याला तीन रविवार लागले. बायको बर्निस म्हणालीसुद्धा, "आपल्या घरात एवढी टापटीप एका खोलीत तरी आहे का रे?"

"घरात मी राहतो," लॅडी म्हणाला. "पोट याच्यात भरतं."

ट्रक घेतला तेव्हा मार्च होता. जूनमध्ये, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेलेला असताना, काल्वरीच्या चढावर ट्रकने पहिल्यांदा मान टाकली. इंजिनाचा आवाज बसला, समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि भरल्या सामानानिशी ट्रक चढाच्या मध्यावर ठप्प झाला. मागून खडीचा डंपर येत होता. त्याने भोंगा वाजवत कशीबशी बगल दिली. लॅडी खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर ट्रक असा सुरू झाला की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

तो तसाच शोरूमला गेला. तिथे सर्व्हिसिंगच्या खिडकीवर एर्विन मिकुलेंका बसायचा. एर्विन त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि बावीस वर्षांपासूनचा डॉमिनोतला जोडीदार. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात चार-चारजणांची टेबलं मांडली जात. समोरासमोरचे दोघे जोडीदार. ठिपक्यांच्या सोंगट्या हातात घेऊन बोली लावायची, डाव जिंकायचे, आणि जोडीदाराच्या हातात काय आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. लॅडी-एर्विनची जोडी एकमेकांकडे न बघताही ते ओळखायची, अशी गावात ख्याती होती.

"लिहून घेतलं तर तुझा ट्रक रांगेत लागेल बघ," एर्विन म्हणाला. "तीन दिवस. तेवढ्यात तुझे वीस घोडे अनवाणी फिरतील. आण इकडे, मी आत्ताच मेकॅनिककडून बघून घेतो. कागदबिगद राहू दे."

मेकॅनिकने यंत्र लावलं, फेरी मारली, काही सापडलं नाही. एर्विनने पैसे घेतले नाहीत. लॅडीने पुढच्या गुरुवारी त्याला जर्दाळूचे डझनभर कोलाच, म्हणजे चेक धाटणीचे गोड पाव, नेऊन दिले. हिशोब मिटला.

जुलैत असंच झालं, ऑगस्टमध्येही. प्रत्येक वेळी एर्विनने रांग मोडून ट्रक आत घेतला. प्रत्येक वेळी ट्रक सभ्य माणसासारखा वागला. हिवाळा तर अगदी सुखात गेला. मधे एकदा कंपनीकडून सगळ्या ग्राहकांना पत्र आलं की मागच्या कॅमेऱ्याची एक तार सदोष आहे, गाडी घेऊन या, फुकट बदलून देऊ. लॅडी गेला, तार बदलली. त्या कामाचे पैसे कंपनी देणार होती, म्हणून एर्विनने त्याचा मात्र रीतसर कागद केला. लॅडीने तो घडी घालून सूर्यापासून डोळे झाकायच्या पट्टीत खोचून ठेवला.

बर्निस तालुक्याच्या कर कार्यालयात काम करायची. गाड्यांची नोंदणी तिच्याच खिडकीवर होई. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एक शेतकरी नव्या ट्रकची नोंदणी करायला आला आणि बोलता बोलता म्हणाला की हा ट्रक त्याला कंपनीने बदलून दिला. जुना सारखा बंद पडायचा, चार वेळा नेला, दुरुस्त झाला नाही, मग त्याने राज्याच्या मोटार खात्याकडे तक्रार गुदरली. सदोष गाडी गळ्यात मारली तर ती परत घ्यायला लावणारा कायदा आहे, हे बर्निसला माहीत होतं. पण तो कायदा आपल्या अंगणात उभा आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने सूपाचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"तीन वेळा ट्रक दाखवलास ना? त्याचे कागद दे."

लॅडी बाहेर गेला आणि पट्टीतला कागद घेऊन आला. बर्निसने चष्मा लावून वाचला.

"यात मागचा कॅमेरा आहे."

"हो. चांगला लागलाय. आता मागचं सगळं स्वच्छ दिसतं."

"लॅडी, पुढचं काय दिसतंय तुला? बंद पडल्याचे कागद कुठे आहेत?"

"एर्विनने बघितला होता. त्याला सगळं माहीत आहे."

"एर्विनला माहीत असून काय उपयोग? मी खिडकीवर अठरा वर्षं काढली. कागदावर नाही ते झालंच नाही, असं मी रोज दहाजणांना सांगते. आणि माझ्याच घरात हा प्रकार!"

सूप निवलं. बर्निसने कायदा वाचून काढला होता तो तिने सांगितला. पहिल्या दोन वर्षांत किंवा पहिल्या चोवीस हजार मैलांत, जे आधी संपेल त्याच्या आत, एकाच दोषासाठी चार वेळा गाडी नेलेली पाहिजे. मैलांच्या आकड्यावर तेव्हा एकोणीस हजार होते. उन्हाळा समोर होता. लॅडीच्या कामात महिन्याला बाराशे मैल सहज होत.

त्याच रात्री जेवण झाल्यावर तिने सरकारच्या रस्तासुरक्षेच्या संकेतस्थळावर लॅडीची तक्रार नोंदवली आणि तिथल्या इतरांच्या तक्रारी वाचायला बसली. याच ट्रकच्या त्रेचाळीस निघाल्या. ॲरिझोनातला एक पाण्याचा टँकर ओढणारा, केंटकीतली एक गुरांची डॉक्टरीण. ओझं, चढ, ऊन, दहा मिनिटं, पुन्हा सुरू. लॅडी तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "या बाईनेही लिहिलंय की मेकॅनिकने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं." त्याचा चेहरा उजळला होता. वर्षभरात पहिल्यांदाच, चूक आपल्या चालवण्यात नाही, याची त्याला खात्री पटली.

आता एर्विनकडे कागद मागायचा होता. जूनमध्ये ट्रक बंद पडला तेव्हा लॅडी खिडकीसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"एर्विन, या वेळी लिही."

"का? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. बर्निस म्हणते लिहून घे."

"असं. बर्निस म्हणते." एर्विनने फॉर्म ओढला आणि लिहिता लिहिता पुटपुटला, "आजपासून गुरुवारी डावही लिहून खेळू. चाल केली, सही कर."

त्याने लिहिलं, मेकॅनिकने पाहिलं, आणि खाली शेरा आला : दोष आढळला नाही. जुलैत दुसरा कागद झाला, ऑगस्टमध्ये तिसरा. शेरा तोच. बर्निसने तिन्ही कागद फाइलला लावले आणि कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवून कळवलं की दुरुस्तीची आणखी एक संधी देत आहोत. त्या तीन महिन्यांत गुरुवारचा डॉमिनो चालू राहिला, पण लॅडी-एर्विनची जोडी हरू लागली. एकमेकांचे चेहरे त्यांना वाचता येईनात. की वाचायचे नव्हते, कोण जाणे.

सप्टेंबरच्या मध्याला मैलांचा आकडा तेवीस हजार सातशेवर आला. चौथा कागद हवा होता, आणि ट्रक एकाएकी शहाण्यासारखा वागायला लागला. हवा उतरली होती. लॅडीने दूरची कामं बर्निसच्या छोट्या गाडीतून केली, मैल वाचवले. मग एका शनिवारी दुपारी, त्यातल्या त्यात ऊन बघून, नवरा-बायको काल्वरीच्या चढावर ट्रक बंद पाडायला निघाले.

मागे सगळं सामान होतंच. वर लॅडीने खुराकाची सहा पोती टाकली. एकदा चढले, उतरले. पुन्हा चढले. ट्रक गुणगुणत वर जाई.

"अरे मर की!" लॅडी स्टिअरिंगवर थापटी मारून म्हणाला. "एरवी कसा मरतोस!"

"त्याला समजलंय," बर्निस म्हणाली. तिच्या मांडीवर वही होती, तीत ती फेऱ्या टिपत होती. "एसी लाव. जोरात."

"थंडी वाजेल तुला."

"वाजू दे."

नवव्या फेरीला चढाच्या वरच्या घरातला म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, काही हरवलंय का. लॅडीने खिडकीतून सांगितलं की गाडी बंद पाडायची आहे, पडत नाही. म्हातारा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "माझ्याकडे एक आहे, हवी तर ने. ती सुरू होत नाही." बर्निस इतकी हसली की वही खाली पडली. चौदा फेऱ्या झाल्या. नव्वद मैल खर्ची पडले. ट्रक घरी आला तो शाबूत.

पुढच्या दोन आठवड्यांत आकडा चोवीस हजारांवर गेला. लॅडी त्या वेळी एका तट्टाच्या फाटकाशी होता. त्याने आकडा पालटताना पाहिला, उतरला आणि तट्टाचे चारी खूर नेहमीसारखे नीट केले. कामात कसर ठेवली नाही. पण परतताना त्याला पहिल्यांदा हिशोब सुचला : हा ट्रक विकला तर पुढच्या माणसाला डंपरसमोर उभं करायचं, ठेवला तर स्वतः उभं राहायचं. नालबंदी सोडायची तर साठीच्या आत घरी बसून करायचं काय?

बर्निसने तीन कागदांवरच मोटार खात्याकडे तक्रार गुदरली, आता सुनावणीची तारीख यायची होती. त्या गुरुवारी खेळ संपल्यावर टेबलं मिटताना तो एर्विनपाशी गेला.

"तीनच कागद आहेत," तो म्हणाला. "चार लागतात."

एर्विनने इकडेतिकडे पाहिलं. "उद्या आण. मागच्या आठवड्याची तारीख टाकतो, बंद पडला म्हणून लिहितो. कोण विचारतंय?"

लॅडीने हातातलं टेबल मिटलं. मोह झालाच नाही असं नाही. मग म्हणाला, "मागच्या आठवड्यात तो बंद पडला नव्हता."

"तीनदा पडला होता ना, गेल्या वर्षी? ते तीन जमेला धर, एक इकडे लाव. काय फरक पडतो?"

"मग ते तीनच सांग की. खरे आहेत ते."

एर्विनने खुर्ची मिटली आणि पुन्हा उघडून तिच्यावर बसला. "लॅडी, आमच्याकडे नियम आहे. कागद केल्याशिवाय गाडीला पाना लावायचा नाही. मी तिकडे जाऊन सांगायचं, मी तीनदा नियम मोडला? मालक समोर बसलेला असणार."

"माझ्यासाठी मोडलास तू. मला माहीत आहे."

"तुझे घोडे अनवाणी राहू नयेत म्हणून मोडला. आणि त्याचं हे फळ."

"मी तुला बोल लावत नाही, एर्विन. मीच मागायला हवा होता. मला लाज वाटली."

"कसली?"

"तुझ्याकडे कागद मागायची."

एर्विन मग उठला, खुर्च्यांची चवड भिंतीला लावली आणि "तारीख कळव," एवढं म्हणून गेला. तो येणार की नाही, आला तर काय सांगणार, हे त्याच्या चेहऱ्यावरून लॅडीला कळलं नाही.

सुनावणी ऑक्टोबरच्या शेवटी झाली, मोटार खात्याच्या जिल्हा कचेरीत. त्या दिवशी उन्हाळा विसरलेली वस्तू न्यायला आल्यासारखा परतला होता. पारा पंच्याण्णव. एका लांब टेबलाशी खात्याच्या निर्णय अधिकारी टालबर्टबाई बसल्या होत्या, समोर आवाज टिपायचं यंत्र. एका बाजूला लॅडी आणि बर्निस, दुसऱ्या बाजूला ह्यूस्टनहून आलेले कंपनीचे प्रतिनिधी आणि शोरूमचे मालक. मालकांच्या शेजारी एर्विन, इस्त्रीचा शर्ट घालून. एर्विनला कंपनीनेच साक्षीला आणलं होतं.

प्रतिनिधींनी त्याला विचारलं, "तीन वेळा गाडी आली. तिन्ही वेळा दोष आढळला नाही. बरोबर?"

"बरोबर."

"धन्यवाद. एवढंच."

टालबर्टबाईंनी लॅडीकडे पाहिलं. "तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

लॅडी रात्रभर घोकलेले प्रश्न विसरला. त्याने एवढंच विचारलं, "एर्विन, मी ट्रक किती वेळा आणला?"

एर्विनने समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"सहा वेळा," एर्विन म्हणाला.

"नोंदी तीनच आहेत," टालबर्टबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम. पहिल्या तीन खेपा मी लिहिल्या नाहीत. गेल्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट. तक्रार हीच. मेकॅनिकने गाडी तपासली, मी शेजारी उभा होतो. लिहिलं असतं तर याला तीन दिवस थांबावं लागलं असतं. न लिहिणं ही माझी चूक."

"नियम माहीत असून?"

"माहीत असून. हा माझा डॉमिनोतला जोडीदार आहे, मॅडम. त्याच्या हातात काय आहे ते मी विचारत नाही, मला ठाऊक असतं."

"इथे आम्हाला विचारावं लागतं," टालबर्टबाई म्हणाल्या. पण त्यांनी लिहून घेतलं. पेन बराच वेळ चालत होतं. मालक खाकरले.

मग गाडी चालवून बघायची होती. टालबर्टबाई स्वतः चालकाच्या जागेवर बसल्या, शेजारी लॅडी, मागे प्रतिनिधी, मालक आणि एर्विन खांद्याला खांदा लावून. बर्निस कचेरीच्या दारात उभी राहिली, तिला जागा नव्हती. हौद्यात ऐरणीसकट सगळं सामान. शहराबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा लांब चढ होता. चढाच्या पायथ्याशी प्रतिनिधी म्हणाले, "उत्तम चालतेय गाडी." लॅडीने हात गुडघ्यांवर ठेवले होते.

चढाच्या दोन तृतीयांशावर इंजिनाचा आवाज बसला. सगळे दिवे लागले. ट्रक थबकला, थरथरला आणि थांबला. टालबर्टबाईंनी शांतपणे हातब्रेक ओढला.

पाच मोठी माणसं त्या उन्हात बंद गाडीत बसून होती.

"दहा मिनिटं थांबायचं," लॅडी हळूच म्हणाला. त्याला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता. पण इतक्या परक्या माणसांसमोर ट्रकची अशी अब्रू गेली, याचं त्याला उगाच थोडं वाईटही वाटलं.

"वाजले किती?" टालबर्टबाईंनी विचारलं आणि वेळ टिपून घेतली.

निकाल तीन आठवड्यांनी पत्राने आला. पहिल्या तीन खेपा शपथेवरच्या साक्षीने सिद्ध धरल्या होत्या. कंपनीने ट्रक परत घ्यावा, वापराची वजावट करून किंमत द्यावी. बर्निसने पत्र दोनदा वाचलं, तारखा तपासल्या आणि मगच नवऱ्याला मिठी मारली.

एर्विनचं काय होणार ही काळजी लॅडीला लागून होती. मालकांनी त्याला कचेरीत बोलावून अर्धा तास ऐकवलं आणि हुकूम काढला की यापुढे चाकात हवा भरायला आलेल्या गाडीचाही कागद झाला पाहिजे. नोकरी राहिली. एर्विनसारखं ग्राहकांना नावानिशी ओळखणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं.

ट्रक परत द्यायच्या दिवशी शोरूमच्या आवारात एर्विन फॉर्म घेऊन उभा होता. मालक काचेतून बघत होते. एर्विनने सगळे रकाने मोठ्याने वाचले. "श्री. ह्रुझेक, मैलांचा आकडा तपासावा. श्री. ह्रुझेक, इथे सही. आणि इथे." मालक आत वळल्यावर त्याने आवाज खाली आणला. "लेका, गेल्या गुरुवारी तू दुहेरी सहाची सोंगटी हातात दाबून बसला होतास. मला कळलं नाही असं वाटलं का तुला?"

"मग बोली का नाही वाढवलीस?"

"म्हटलं, बघू किती वेळ दाबतोस."

सामान उतरवायला दोघांना तासभर लागला. भट्टी आणि पेट्या एर्विन संध्याकाळी त्याच्या गाडीतून पोचवणार होता. ऐरण मात्र लॅडीला लगेच हवी होती. दुसरा ट्रक, जुना आणि बिनकाँप्युटरचा, त्याने पाहून ठेवला होता, पण तो शनिवारी मिळणार होता. आणि आज कोवारबाईंच्या घोडीचा पुढचा नाल निखळला होता. तिला शनिवारपर्यंत लंगडत कसं ठेवायचं?

दोघांनी मिळून ऐरण बर्निसच्या छोट्या गाडीच्या डिकीत ठेवली. गाडीचं मागचं अंग बसलं आणि नाक आभाळाकडे झालं.

"माझी गाडी!" बर्निस म्हणाली.

"वॉरंटीत आहे ना?" एर्विनने विचारलं.

बर्निसने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे आत गेला. ती गाडी चालवायला बसली, लॅडी शेजारी, कातडी एप्रन मांडीवर, हातोडा पायाशी. कोवारबाईंच्या फाटकापर्यंत अकरा मैल, सगळे सपाटीचे. बाई कुंपणाशी घोडी धरून उभ्या होत्या. नाक वर करून येणारी ती इवलीशी गाडी बघून त्यांनी हसू दाबलं नाही. लॅडी उतरला, ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर चढवली, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि तिचा पुढचा पाय उचलून आपल्या गुडघ्यांमध्ये घेतला.